आमदारांच्या संपर्क कार्यालयात नवे आहात? तक्रारवहीपासून विधानसभेपर्यंतचा आठवडा

कोल्हापूर जिल्ह्यात विधानसभेचे दहा मतदारसंघ आहेत : चंदगड, राधानगरी, कागल, कोल्हापूर दक्षिण, करवीर, कोल्हापूर उत्तर, शाहूवाडी, हातकणंगले, इचलकरंजी आणि शिरोळ. यातल्या कुठल्याही आमदारांच्या संपर्क कार्यालयात तुम्ही स्वीय सहायक, लिपिक किंवा गावं सांभाळणारे कार्यकर्ते म्हणून नव्याने रुजू झाला असाल, तर हा लेख तुमच्यासाठी आहे. बहुतेक नवी माणसं कामाचे दोन भाग पाडतात. लोकांची कामं कोल्हापुरात आणि कायद्याची कामं मुंबईत. ही वाटणीच चुकीची आहे. सभागृहात मंत्र्यांना निरुत्तर करणारा प्रश्न जवळजवळ नेहमी संपर्क कार्यालयाच्या वहीतून निघतो. वही नीट नसेल, तर आमदारांच्या हातात वर्तमानपत्राच्या कात्रणाशिवाय काही राहत नाही, आणि कात्रणाला मंत्री "माहिती घेऊन कळवतो" एवढंच उत्तर देतात.

वही आधी

कॉम्प्युटरवर ठेवा किंवा जाड रजिस्टरमध्ये, रकाने हेच लागतात : अनुक्रमांक, तारीख, नाव, गाव, अर्जदाराचा स्वतःचा फोन, घरातल्या दुसऱ्या माणसाचा फोन, विषय, कोणत्या कार्यालयाकडे, आपल्या पत्राचा जावक क्रमांक, पुढची तारीख, निकाल. जमिनीचं प्रकरण असेल तर गट क्रमांक, विजेचं असेल तर ग्राहक क्रमांक, पेन्शनचं असेल तर बँकेचं नाव. "विषय" या रकान्यात "पेन्शन" एवढंच लिहिलं तर सहा महिन्यांनी काहीच कळत नाही. "श्रावणबाळ, तीन महिने जमा नाही, आधी मिळत होती" असं लिहा.

सगळ्यात महत्त्वाचा रकाना "पुढची तारीख". तो कोरा राहिला की ते प्रकरण कुणी पुन्हा उघडत नाही. रोज सकाळी कार्यालय उघडल्यावर आज कोणाकोणाची तारीख आहे ते पाहायचं आणि तिथूनच फोन सुरू करायचे. फोनवर साहेबांनी कुणाला शब्द दिला असेल, तर तोही त्याच दिवशी वहीत चढला पाहिजे. लग्नात, जत्रेत, तालमीच्या कार्यक्रमात हातात दिलेले कागद खिशातच राहतात, म्हणून सोबत जाणाऱ्या माणसाकडे एक पाकीट द्या आणि रात्री परतल्यावर ते रिकामं करून घ्या.

महिनाअखेरीला विषयवार आणि गाववार मोजणी करा. एकाच विषयाचे अर्ज चार-पाच गावांतून येत असतील, तर तो आता एका माणसाचा प्रश्न राहिला नाही. त्याची एक प्रत "अधिवेशन" नावाच्या वेगळ्या फाईलमध्ये टाका. या फाईलचं काय करायचं ते पुढे येतं.

सोमवार : लोक येतात तो दिवस

बहुतेक कार्यालयांत सोमवारी सकाळी गर्दी असते, कारण शनिवार-रविवारी गावात चर्चा होऊन माणूस सोमवारी निघतो. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिनही असतो. तिथे विहित नमुन्यात आधीच अर्ज करावा लागतो, हे लोकांना सांगा, म्हणजे त्यांचा हेलपाटा वाचेल.

आलेल्या माणसाचं पूर्ण ऐकून घ्या. पाणी द्या, बसायला सांगा, मध्येच तोडू नका. खरा मुद्दा बऱ्याचदा शेवटच्या वाक्यात असतो. मग ठरवा की काम कोणत्या जातीचं आहे.

पहिली जात : कागद अपुरे आहेत. इथे पत्र देणं म्हणजे माणसाला फसवणं. संजय गांधी निराधार किंवा श्रावणबाळ योजनेचे महिन्याचे पैसे थांबले असतील, तर आधी खातं तपासा. पैसे थेट आधारशी जोडलेल्या खात्यात जातात. त्या माणसाने मध्यंतरी दुसऱ्या बँकेत खातं उघडून तिथे आधार दिलं असेल, तर पैसे त्या नव्या खात्यात गेलेले असतात आणि तो जुनं पासबुक घेऊन आपल्यासमोर बसलेला असतो. हे बँकेत अर्ध्या तासात उलगडतं, तहसीलदारांना पत्र लिहून उलगडत नाही. काय काय आणायचं ते तोंडी सांगू नका, चिठ्ठीवर लिहून द्या. वयस्कर माणूस घरी जाऊन ती चिठ्ठी नातवाला दाखवतो.

दुसरी जात : अधिकार स्थानिक अधिकाऱ्याकडे आहे आणि तो काम करत नाही. इथे पत्र चालतं.

तिसरी जात : पैसे लागतात. रस्ता, गटर, सभामंडप, पाण्याची टाकी.

चौथी जात : अधिकारी नियमाप्रमाणे वागतोय, पण नियमच माणसाला मारतोय. हे अर्ज सर्वात मौल्यवान आहेत. ते अधिवेशनाच्या फाईलमध्ये जातात.

पाचवी जात : आपण हात घालायचा नाही. कोर्टात चाललेला दावा, पोलिसांचा तपास, आणि तहसीलदार किंवा प्रांताधिकारी यांच्यासमोर चाललेली अर्धन्यायिक सुनावणी. फेरफाराच्या, म्हणजे सातबाऱ्यावरच्या नावबदलाच्या, अपिलात एका भावाच्या बाजूने आमदारांचं पत्र गेलं, तर दुसरा भाऊ ते पत्र घेऊन वरच्या कोर्टात जातो आणि निकालच अडकतो. तारीख लवकर मिळावी एवढं म्हणता येतं, निकाल काय द्यावा हे नाही. माणसाला हे स्पष्ट सांगा. नकार लगेच कळला तर तो वकील गाठतो, आणि मुदत बुडत नाही.

मुदतीवरून एक नेहमीचं प्रकरण. शेताकडे जाणारी वहिवाटीची पाणंद शेजाऱ्याने अडवली की लोक आधी आमदारांकडे येतात. मामलेदार न्यायालय अधिनियम १९०६ खाली तहसीलदारांकडे दाद मागायची असेल, तर अडथळा झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत दावा दाखल व्हावा लागतो. "साहेबांनी फोन केलाय, होईल" या भरवशावर चार-पाच महिने निघून जातात. म्हणून पाणंदीचं प्रकरण आलं की पहिला प्रश्न विचारा : वाट कधी अडवली? तारीख जवळ आली असेल, तर त्याच दिवशी तहसील कार्यालयात पाठवा. समेटाचे प्रयत्न दावा दाखल झाल्यावरही करता येतात.

दवाखान्याचं काम वाट पाहत नाही

आजारपणाचा फोन आला की बाकीचं बाजूला. क्रम असा ठेवा. रुग्ण कुठल्या दवाखान्यात आहे आणि आजार कोणता, हे विचारा. तो दवाखाना महात्मा फुले जनआरोग्य योजनेत आहे का ते पाहा. तिथे आरोग्यमित्राचा कक्ष असतो, नातेवाइकाला रेशन कार्ड आणि आधार घेऊन तिथेच पाठवा. योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंत संरक्षण आहे. योजना लागू नसेल, तर दवाखाना धर्मादाय आहे का ते पाहा. अशा रुग्णालयांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत राखाव्या लागतात. हेही जमलं नाही, तर मुख्यमंत्री सहाय्यता निधी. त्याला दवाखान्याचं खर्चाचं अंदाजपत्रक, तपासण्यांचे अहवाल, आधार, रेशन कार्ड आणि तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला लागतो. वार्षिक उत्पन्न १ लाख ६० हजार रुपयांच्या आत हवं. पैसे थेट रुग्णालयाच्या खात्यावर जातात, म्हणून उपचार चालू असतानाच अर्ज गेला पाहिजे. बिल भरून रुग्ण घरी आल्यावर आलेला अर्ज बहुतेक वाया जातो. छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालयात, म्हणजे सीपीआरमध्ये, होऊ शकणाऱ्या उपचारांसाठी नातेवाईक घाबरून खासगीत जातात. तिथल्या विभागाशी आधी बोलून घ्या.

पत्र कसं लिहावं

"सदर अर्जाबाबत योग्य ती कार्यवाही व्हावी" या वाक्याने आजवर फार थोडी कामं झाली आहेत. पत्रात चार गोष्टी लागतात : कोणाचं, नेमकं काय अडलंय, कुठल्या नियमाने ते व्हायला हवं, आणि किती दिवसांत आम्हाला कळवावं. उदाहरणार्थ, "सातबाऱ्यावर वारसाचं नाव लिहिताना लेखनदोष झाला आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १५५ प्रमाणे दुरुस्तीचा अर्ज अमुक तारखेला आपल्या कार्यालयात दाखल आहे. त्याची सद्यःस्थिती १५ दिवसांत कळवावी." अर्जदाराच्या पोच पावतीची झेरॉक्स जोडा. पोचच नसेल, तर पत्र थांबवा आणि आधी त्याला अर्ज करायला लावा. मूळ अर्जच नसताना गेलेलं पत्र "अर्ज प्राप्त नाही" या एका ओळीने परत येतं.

पत्र योग्य पायरीवर टाका. तहसीलदारांच्या अधिकारातलं काम मंत्र्यांना लिहिलं, तर ते पत्र मंत्री कार्यालय, विभाग, पुण्याचे विभागीय आयुक्त, जिल्हाधिकारी असं उतरत महिन्यांनी त्याच तहसीलदारांच्या टेबलावर येतं. तहसीलदारांनी काहीच केलं नाही तर प्रांत, मग जिल्हाधिकारी. पत्राची पोच घ्या आणि जावक क्रमांक वहीत चढवा.

अधिकारी दाद देत नसेल, तर दोन कायदे लक्षात ठेवा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ मध्ये अधिसूचित सेवांना मुदत ठरलेली आहे आणि ती चुकली तर अर्जदाराला स्वतःला अपील करता येतं. आणि २००५ चा बदल्यांचा व दप्तर दिरंगाईचा कायदा सांगतो की साधारणपणे कुठलीही फाईल एका टेबलावर सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त पडून राहू नये. पत्रात या तरतुदीचा नुसता उल्लेख आला तरी फाईल हलते.

मंगळवार-बुधवार : मुंबई

अधिवेशन नसतं तेव्हा मंत्रिमंडळाची बैठक बहुधा मंगळवारी होते, म्हणून मंत्री मंगळवारी आणि बुधवारी मंत्रालयात भेटण्याची शक्यता जास्त. सोमवारी रात्री महालक्ष्मी एक्सप्रेसने निघायचं, दोन दिवस मंत्रालय करायचं आणि गुरुवारी सकाळी परत, हा कोल्हापूरच्या आमदारांचा जुना शिरस्ता. सोबत द्यायची फाईल पातळ ठेवा. प्रत्येक कामाचा एक कागद : फाईल क्रमांक, सध्या कोणत्या कक्षाकडे, आपल्याला काय हवंय. "रस्त्याचं बघा साहेब" असं सांगून मंत्री सही करत नाहीत. पत्रावर शेरा मिळाला की त्याची प्रत लगेच कक्ष अधिकाऱ्याकडे पोचवा. शेऱ्याचं पत्र आपल्याच पिशवीत परत कोल्हापूरला आलं, तर ती फेरी फुकट गेली.

गुरुवार : निधीची फाईल

आमदार स्थानिक विकास निधी सध्या वर्षाला ५ कोटी रुपये आहे. ऐकायला मोठा वाटतो, पण शाहूवाडी किंवा चंदगडसारख्या मतदारसंघात वाड्या-वस्त्या धरून वाटला तर गावाला किती येतो याचा हिशेब स्वतः करून पाहा. त्यामुळे मोठे रस्ते या निधीतून करायचेच नाहीत. गावाबाहेरचे रस्ते जिल्हा नियोजनाच्या ३०५४ आणि ५०५४ या लेखाशीर्षांतून (म्हणजे अर्थसंकल्पातल्या खर्चाच्या शीर्षांतून), गावांतर्गत कामं ग्रामविकास विभागाच्या २५१५ मधून मागायची. आमदार निधी तिथे वापरा जिथे दुसरं कुठलंच शीर्ष लागू होत नाही.

कामाची वाट अशी : आमदारांचं शिफारसपत्र जिल्हा नियोजन कार्यालयाला जातं, यंत्रणेकडून म्हणजे बांधकाम विभाग किंवा महापालिकेकडून अंदाजपत्रक येतं, प्रशासकीय मान्यता, तांत्रिक मान्यता, निविदा, कार्यारंभ आदेश, आणि शेवटी मोजमाप पुस्तिकेत नोंद होऊन बिल. फाईल सर्वात जास्त अडते ती जागेवर. सभामंडप सुचवला, पण जागा कुणाच्या तरी खासगी नावावर, किंवा देवस्थानची. ग्रामपंचायतीच्या मालकीचा उतारा आणि पुढची देखभाल ग्रामपंचायत करेल असा ठराव, हे दोन कागद हातात आल्याशिवाय शिफारसपत्रावर सही घेऊ नका. नारळ फोडून झाल्यावर जागेचा वाद निघाला, की ते गाव पाच वर्षं विसरत नाही.

दुसरी अडचण आचारसंहितेची. आपल्याकडे ग्रामपंचायत, जिल्हा परिषद, महापालिका, लोकसभा, विधानसभा अशा निवडणुका येत राहतात. आचारसंहिता लागली की सुरू न झालेली कामं थांबतात. कार्यारंभ आदेश निघून जागेवर काम चालू झालं असेल, तर ते साधारणपणे चालू राहतं. म्हणून आर्थिक वर्ष सुरू झाल्याबरोबर एप्रिल-मेमध्येच शिफारसी द्या. फेब्रुवारीत घाईने दिलेल्या यादीतली निम्मी कामं कागदातच अडकतात.

शुक्रवार ते रविवार गावांचे दौरे, कार्यक्रम, लग्नं, रक्षाविसर्जन. यात शिकवण्यासारखं फार नाही. दौऱ्याच्या आदल्या दिवशी त्या गावातले वहीतले सगळे अर्ज एका कागदावर काढून साहेबांच्या हातात द्या, एवढं केलं तरी पुष्कळ.

अधिवेशनाचे आठवडे

वर्षात तीन अधिवेशनं : अर्थसंकल्पी आणि पावसाळी मुंबईत, हिवाळी नागपुरात. नागपूरच्या अधिवेशनाचं मूळ १९५३ च्या नागपूर करारात आहे. अधिवेशन लागलं की सोमवार ते शुक्रवार आमदार सभागृहात, आणि कोल्हापूरची गर्दी तुमच्या अंगावर.

अधिवेशनाची ती फाईल आता उघडायची, पण सुरू होण्याच्या आदल्या दिवशी नाही. तारांकित प्रश्न, म्हणजे ज्यांना मंत्री सभागृहात तोंडी उत्तर देतात ते, कित्येक आठवडे आधी द्यावे लागतात, कारण ते विभागाकडे जाऊन जिल्ह्यातून माहिती यायची असते. विधानमंडळ सचिवालयाने दिलेली मुदत भिंतीवर लावा.

प्रश्नाचा साचा ठरलेला आहे. नवखा माणूस असा मसुदा करतो : "शिरोळ तालुक्यात पूरग्रस्तांवर अन्याय होत आहे, शासन काय करत आहे?" याला "हे खरे नाही" आणि पुढे "प्रश्न उद्भवत नाही" अशी दोन ओळींत उत्तरं येतात, आणि विषय संपतो. तोच प्रश्न वहीवरून असा बांधा :

"(१) शिरोळ तालुक्यातील अमुक अमुक गावांतील पूरबाधित पिकांचे पंचनामे अमुक तारखेस पूर्ण होऊनही इतक्या शेतकऱ्यांना अनुदान मिळालेले नाही, हे माहे अमुकमध्ये निदर्शनास आले, हे खरे आहे काय, (२) असल्यास, यापैकी किती शेतकऱ्यांची ई-केवायसी प्रलंबित आहे व किती प्रकरणे खाते क्रमांकातील त्रुटीमुळे नाकारली आहेत, (३) असल्यास, त्रुटी दूर करण्यासाठी गावनिहाय शिबिरे घेण्याबाबत शासनाने कोणती कार्यवाही केली वा करण्यात येत आहे, (४) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?"

गावाची नावं, तारीख आणि संख्या आली की विभागाला "हे खरे नाही" म्हणणं जड जातं. "अंशतः खरे आहे" असं उत्तर आलं, तरी दार उघडलं असं समजा. उरलेला अंश आमदार उपप्रश्नात विचारतात. त्यासाठी उत्तर हाती येताच तीन उपप्रश्न आणि अर्जांच्या प्रती त्यांच्याकडे पोचल्या पाहिजेत.

प्रश्नोत्तराच्या तासात यादीतले थोडेच प्रश्न प्रत्यक्ष पुकारले जातात. आपला आला नाही म्हणून हातपाय गाळू नका. छापील उत्तर शासनाचं लेखी म्हणणं असतं, आणि ते घेऊन तहसील कार्यालयात जाता येतं.

तातडीचा विषय असेल तर नियम १०५ खालची लक्षवेधी सूचना. तिच्यावर मंत्र्यांना निवेदन करावं लागतं. विषय एकच असावा, ताजा असावा आणि न्यायप्रविष्ट नसावा. या तीन कारणांनी सर्वाधिक सूचना गळतात. औचित्याचा मुद्दा पटकन मांडता येतो, पण मंत्र्यांवर तिथल्या तिथे उत्तराचं बंधन नसतं, म्हणून मोठा विषय त्यात खर्ची घालू नका. आपल्या जिल्ह्यात ऊसदराचा विषय दर हंगामात येतो. ऊस नियंत्रण आदेश १९६६ प्रमाणे ऊस गेल्यापासून १४ दिवसांत एफआरपी (रास्त व किफायतशीर दर) द्यावी लागते आणि त्यानंतर १५ टक्के व्याज लागतं. शेतकऱ्याची ऊस गेल्याची पावती आणि बँकेची जमा नोंद, या दोन तारखा शेजारी ठेवल्या की लक्षवेधीचा निम्मा मजकूर तयार.

विधेयक वाचायला शिका

कायदे करणं हे आमदारांचं घटनेने दिलेलं मूळ काम, आणि त्याच कामाला कार्यालयाकडून सर्वात कमी मदत मिळते. विधेयकाची प्रत आली की शेवटून वाचा. तिथे उद्देश व कारणे यांचं निवेदन असतं, त्यात सरकारला काय साधायचंय ते कळतं. मग वैधानिक अधिकार सोपवण्याविषयीचं ज्ञापन पाहा. "विहित करण्यात येईल अशा रीतीने" हे शब्द जितक्या वेळा येतात, तितका अधिकार सभागृहाकडून मंत्रालयाकडे चाललाय. मग खंड एकेक करून वाचा आणि आपल्या वहीतल्या चौथ्या जातीच्या अर्जांशी ताडून बघा. दुरुस्ती सुचवायची तर ती "खंड ४, ओळ १२ मधील 'तीस दिवस' या मजकुराऐवजी 'नव्वद दिवस' हा मजकूर दाखल करावा" इतकी नेमकी हवी, आणि दुसऱ्या वाचनात खंडशः विचार होण्याआधी लेखी गेली पाहिजे. भाषणात सुचवलेली दुरुस्ती कायद्यात येत नाही.

विधेयक दोन्ही सभागृहांच्या सदस्यांच्या संयुक्त समितीकडे गेलं तर लोकांनाही सूचना पाठवता येतात. विशेष जनसुरक्षा विधेयक डिसेंबर २०२४ मध्ये संयुक्त समितीकडे गेल्यावर राज्यभरातून हजारो सूचना आल्या होत्या. आपल्या मतदारसंघातले वकील, शिक्षक, यंत्रमागधारक, शेतकरी यांना अशा वेळी मसुदा पाठवा आणि लेखी म्हणणं मागवा.

पावसाळी अधिवेशन आणि पंचगंगा

जून-जुलैत विधानसभा मुंबईत भरते आणि त्याच सुमारास पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी वाढायला लागते. इशारा पातळी ३९ फूट, धोका पातळी ४३ फूट. २००५, २०१९ आणि २०२१ च्या पुरांनंतर हे आकडे इथल्या शेंबड्या पोरालाही पाठ आहेत. अधिवेशन चालू असताना नदी इशाऱ्याकडे सरकली, तर कार्यालयाचे दोन भाग करा. एक माणूस फक्त मुंबईला सकाळ-संध्याकाळ पातळी, राधानगरीचे स्वयंचलित दरवाजे, बंद रस्ते आणि स्थलांतरित कुटुंबं कळवणारा. बाकीचे गावांशी बोलणारे. चिखली, आंबेवाडीसारख्या गावांत जनावरं हलवायला वेळ लागतो, म्हणून तिथला फोन पातळी ३९ ला पोचण्याआधी झाला पाहिजे.

पाणी ओसरल्यावर पंचनामे होतात. नुकसान ३३ टक्के किंवा जास्त असेल तरच पिकाची मदत मिळते, म्हणून पंचनाम्याच्या वेळी शेतकरी शेतात हजर हवा. नंतर तहसीलमधून यादी येते, त्यात प्रत्येकाला विशिष्ट क्रमांक असतो, आणि ई-केवायसी लागणार असेल, तर तो घेऊन सेवा केंद्रात जावं लागतं. यादी आली की ग्रामपंचायतीच्या फलकावर लावून घ्या आणि गावात दवंडी द्यायला सांगा. मुंबईला किंवा पुण्याला कामाला असलेल्या खातेदारांची नावं यातच मागे राहतात.

अधिवेशन संपल्यावर

मंत्र्यांनी सभागृहात "करू", "तपासून कार्यवाही करू", "बैठक घेऊ" असं म्हटलं की ते आश्वासन ठरू शकतं, आणि अशा आश्वासनांचा पाठपुरावा करायला विधानमंडळाची आश्वासन समिती असते. परत आल्यावर पहिल्या आठवड्यात कामकाजाच्या प्रतीतून आपल्या विषयांवरची मंत्र्यांची वाक्यं शब्दशः उतरवून घ्या, त्यापुढे तारीख टाका आणि वहीतल्या मूळ अर्जांचे क्रमांक लिहा. विभागाला जाणाऱ्या पाठपुराव्याच्या पत्रात तीच वाक्यं अवतरणात द्या. मग ज्यांच्या अर्जांवरून प्रश्न उभा राहिला, त्या सगळ्यांना फोन करून उत्तर काय आलं ते सांगा आणि प्रत्येकाच्या नावापुढे नवी "पुढची तारीख" टाका.